प्राणिसंग्रहालय पहिल्यांदा पाहताना: कधी जावं, काय बघावं, कुठे थांबावं

प्राणिसंग्रहालयाच्या बाहेर पडण्याच्या दाराशी दोन वाक्यं हमखास कानावर येतात: ‘वाघ नुसता झोपला होता’ आणि ‘पाय फार दुखले’. दोन्हींचं मूळ एकच. नकाशावरचा प्रत्येक पिंजरा उरकायचा असं ठरवूनच बहुतेक जण आत शिरतात. मग एकेका प्राण्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं, आणि तेवढ्यात झोपलेला वाघ झोपलेलाच दिसणार.

माझं सांगणं असं, की एका भेटीत सहा-सात प्राणीच निवडा आणि प्रत्येकासमोर किमान दहा मिनिटं उभे राहा. बाकीचे जाता-येता दिसतील तेवढे पुरे. तिकीट काढलंय तर सगळं बघून घ्यावं असं पहिल्या भेटीत वाटतंच, पण हा मोह आवरता आला तर दिवस कारणी लागतो. पुढे जे काही लिहिलं आहे ते सगळं ही दहा मिनिटं चांगली जावीत म्हणून आहे.

दिवस आणि वेळ

शक्य असेल तर सुट्टीचा दिवस टाळा आणि दार उघडायच्या वेळी तिथे हजर राहा. रात्रीच्या खोल्यांतून प्राण्यांना मोकळ्या आवारात सोडतात तो पहिला तास सगळ्यात मोलाचा. वाघ, बिबट्या बाहेर येतात ते थेट कुंपणाच्या कडेने. जागोजागी वास घेत फिरतात, झाडाच्या बुंध्यावर मूत्राची चिळकांडी मारून हद्द पुन्हा आखून घेतात, लाकडाला नखं घासतात. गिबन, म्हणजे लांब हातांची छोटी वानरं, असतील तर तुम्हाला आधी त्यांचा आवाज येईल. गिबनांच्या बहुतेक जातींत नर-मादी मिळून सकाळी गातात. मादीचा सूर चढत जातो आणि नर मध्ये मध्ये साथ देतो. पाऊण तास उशीर झाला तर हे सगळं संपलेलं असतं.

दुपार ही मांजरकुळाची विश्रांतीची वेळ. सिंह रानातसुद्धा दिवसाचे १६ ते २० तास पडून असतो. त्यामुळे झोपलेला सिंह दिसला की तो आजारी आहे किंवा बिचारा कंटाळला आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. पुष्कळ ठिकाणी मोठ्या मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपवास असतो, कारण रानातही त्यांना रोज शिकार मिळत नाही. चौकशीच्या खिडकीवर हा वार विचारून ठेवावा.

दुसरी चांगली वेळ बंद होण्याआधीच्या तासाची. रात्रीच्या खोलीत खाणं मिळणार हे प्राण्यांना पक्कं माहीत असतं. कीपरच्या, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, पावलांचा, किल्ल्यांचा, बादलीचा आवाज ते ओळखतात. दिवसभर दूर पसरलेला वाघ या वेळी दारापाशी येऊन उभा राहतो. मात्र प्रेक्षकांना आत सोडणं अनेक ठिकाणी बंद व्हायच्या तासभर आधीच थांबवतात, आणि आठवड्याची सुट्टीही असते. दोन्हींची आधी खात्री करून घ्या.

ऊन नसलेला, ढगाळ, गार दिवस उत्तम. भुरभुर पाऊस असेल तरी जायला हरकत नाही. गर्दी नसते आणि प्राणी मोकळेपणाने वावरतात.

बरोबर काय असावं

सवयीचे बूट, पाणी, टोपी, छोटी वही आणि पेन्सिल. दुर्बीण असेल तर ती जरूर घ्या. वाघ वीस पावलांवर असतानाही दुर्बिणीतून त्याच्या मिशांची मुळं, कानामागचा पांढरा ठिपका दिसतो तेव्हा प्राणी नव्यानेच पाहिल्यासारखा वाटतो. फुगे, चेंडू, उडणाऱ्या हलक्या पिशव्या घरी ठेवा. हातातून सुटून आवारात पडलेली अशी वस्तू प्राणी गिळू शकतो.

दारातून आत गेल्यावर

पहिली पाच मिनिटं नकाशासमोर घालवा. कीपर कोणत्या वेळी कुठे बोलणार आहेत, खाणं कधी देणार आहेत, कोणता विभाग आज बंद आहे, हे बघा आणि त्याभोवती आपला क्रम बसवा. मग सरळ सगळ्यात लांबच्या टोकाला चालत जा. गर्दी दारापासून सुरू होऊन हळूहळू आत सरकते. तुम्ही उलट्या दिशेने आलात तर निदान पहिले तीन-चार प्राणी निवांत मिळतात.

साधारण क्रम असा धरा: सकाळी मांजरकुळ, माकडं आणि पक्षी. ऊन चढायला लागलं की मगरी आणि कासवं, कारण ती तेव्हा उन्हात येऊन पडतात. भर दुपारी छपराखालचे विभाग, म्हणजे सर्पालय, मत्स्यालय आणि निशाचर प्राण्यांचं दालन. दुपार कलली की हरणं, हत्ती, पाणघोडा. जाता जाता पुन्हा एकदा वाघ.

पाटी वाचायला शिका

पिंजऱ्यासमोरच्या पाटीवर बहुतेक जण फक्त नाव वाचतात. त्याखाली तिरक्या अक्षरांतलं शास्त्रीय नाव असतं, रानातला प्रदेश दाखवणारा छोटा नकाशा असतो आणि एका कोपऱ्यात धोक्याची श्रेणी असते. ही श्रेणी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीतून येते. ही यादी १९६४ साली सुरू झाली. ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’, ‘अतिसंकटग्रस्त’ अशा चढत्या पायऱ्या आहेत. त्यानंतरची पायरी ‘रानातून नामशेष’. म्हणजे तो प्राणी आता फक्त माणसाच्या ताब्यात उरला आहे.

अरबी ओरिक्सची गोष्ट इथे सांगायलाच हवी. लांब सरळ शिंगांचं हे पांढरं कुरंग १९७२ साली रानातून संपलं. त्याआधीच, १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचा एक कळप वाढवायला सुरुवात झाली होती. त्यातून आलेले प्राणी १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडले गेले. २०११ मध्ये या जातीची श्रेणी सुधारून ‘असुरक्षित’वर आली. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डर गिधाडांची अवस्था १९८७ साली अशी होती, की रानातला शेवटचा पक्षी पकडल्यावर जगात एकूण २७ उरले, तेही सगळे पिंजऱ्यात. १९९२ पासून त्यांना पुन्हा मोकळं सोडायला सुरुवात झाली. एखाद्या पिंजऱ्यासमोर कुणी फिरकत नाही आणि पाटीवर ‘रानातून नामशेष’ लिहिलेलं आहे, असं दिसलं तर तिथे थांबा. त्या संग्रहालयातला सगळ्यात महत्त्वाचा प्राणी कदाचित तोच असेल.

पांढऱ्या वाघाच्या बाबतीत मात्र उलट घडतं. त्याच्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी असते, पण ती वेगळी जात नाही. एका जनुकातल्या बदलामुळे आलेला तो रंग आहे. १९५१ साली रीवाजवळ पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या नरापासून पिंजऱ्यातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश चालला, आणि रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. त्यातून व्यंग आणि दुखणी आली. पांढरा वाघ बघा, पण त्याच्यासाठी दिवस खर्च करू नका असं मी सांगेन.

पिंजरा रिकामा दिसतो तेव्हा

‘यात काहीच नाही’ म्हणून पुढे जाण्याआधी नजर एका ठरावीक क्रमाने फिरवा. आधी वर: फांद्या, मचाण, खडकाचा माथा. बिबट्या पानांत मिसळून जातो, पण खाली लोंबणारी शेपटी त्याचा ठाव सांगते. मग सावलीची कड, झुडपांची मुळं, पाण्याचा काठ. शेवटी मागच्या भिंतीतलं खोलीचं दार. पूर्ण प्राणी शोधू नका, तुकडा शोधा. एक हलणारा कान, ओलं नाक, श्वासाबरोबर वर-खाली होणारी कूस. दोन-तीन मिनिटं शांत उभं राहिलं की बहुतेक वेळा काहीतरी हलतं.

खुल्या आवारांची ही पद्धत फार जुनी नाही. आज चालू असलेलं सगळ्यात जुनं प्राणिसंग्रहालय व्हिएन्नामध्ये शोनब्रुन इथे १७५२ पासून आहे, पण गजांऐवजी खंदक ठेवून प्राणी मोकळे दाखवायची रचना कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ उभी केली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. गज गेले, झाडं-खडक आले, म्हणजे प्राण्याला लपायला जागाही आली. ती त्याला मिळायलाच हवी. लपण्याची सोय असलेला प्राणी जास्त निर्धास्त असतो, आणि निर्धास्त प्राणी शेवटी बाहेर येतोच.

दहा मिनिटांची नोंद

वही नेली आहे ती यासाठी. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे जी पद्धत वापरतात तिचंच हे सोपं रूप आहे. पानावर एकाखाली एक असे दहा आकडे लिहा. एकच प्राणी निवडा. कळप असेल तर त्यातला ओळखू येईल असा एक, कान फाटलेला किंवा डाग असलेला. घड्याळात मिनिट भरलं की त्या क्षणी तो काय करतोय ते दोन-तीन शब्दांत लिहायचं. मधल्या वेळात काहीही होवो, नोंद फक्त मिनिटाच्या ठोक्याची.

एखाद्या अस्वलाचं पान असं भरेल: १ – चालतोय. २ – ओंडका उलटतोय. ३ – ओंडक्याखाली नाक. ४ – तेच. ५ – मान वर, हवेत वास. ६ – दिसत नाही. ७ – दिसत नाही. ८ – पाण्यात. ९ – पाण्यात, पंजे चाटतोय. १० – अंग झटकतोय.

‘दिसत नाही’ हीसुद्धा नोंदच आहे, गाळू नका. आणि ‘रागावलाय’, ‘उदास आहे’, ‘खेळायचा मूड आहे’ असं लिहू नका. कान मागे, शेपटी आपटतोय, पाठ जमिनीला टेकवून लोळतोय, एवढंच लिहा. आपण अंदाज किती घाईने बांधतो हे तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच लक्षात येतं. जमलं तर त्याच प्राण्याची दुपारी अजून एक नोंद घ्या आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. माझ्या मते अख्ख्या भेटीत करण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट नाही, आणि तिला वेगळं तिकीटही लागत नाही.

कुणाकडे काय बघायचं

वाघाच्या दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला पांढरा ठिपका असतो. तो पाठमोरा असताना नीट दिसतो. पट्ट्यांची नक्षी प्रत्येक वाघाची वेगळी, डाव्या-उजव्या कुशीचीही वेगळी. कपाळावरची नक्षी काढून घ्या, पुढच्या भेटीत वाघ ओळखता येईल. ओळखीचा कीपर आला की वाघ नाकातून फुर्र-फुर्र असा मऊ आवाज काढतो. तो त्याचा नमस्कार समजा. डरकाळीसाठी सगळे ताटकळतात आणि हा आवाज ऐकूनही कळत नाही.

हत्ती आशियाई की आफ्रिकी, हे कानांच्या आकारावरून सगळे सांगतात. सोंडेचं टोक बघून सांगा: आशियाई हत्तीच्या टोकाला बोटासारखा एक उंचवटा असतो, आफ्रिकीच्या टोकाला दोन. गवताची पेंडी उचलताना हा फरक लख्ख दिसतो. आशियाई हत्ती पेंडी सोंडेत गुंडाळून घेतो, आफ्रिकी चिमटीत धरल्यासारखी पकडतो. अंघोळ झाल्या झाल्या अंगावर माती उडवणारा हत्ती पाहून लोकांना गंमत वाटते, पण ती मातीच त्याला ऊन आणि कीटकांपासून वाचवते.

पाणघोडा म्हणजे पाण्यातून वर आलेले डोळे, कान आणि नाकपुड्या. तिन्ही एका रेषेत, डोक्याच्या माथ्याजवळ. घड्याळ लावून बसा. प्रौढ पाणघोडा साधारण पाच मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो आणि तळावर चक्क चालतो. बाहेर आल्यावर त्याच्या कातडीवर तांबूस चकाकी दिसली तर रक्त समजून घाबरू नका. कातडीतून पाझरणारा तो द्रव उन्हापासून आणि जंतूंपासून त्याचं रक्षण करतो. शेण टाकताना मात्र जरा मागे सरका, कारण तो शेपटी पंख्यासारखी फिरवून ते चौफेर उडवतो.

जिराफाच्या एवढ्या लांब मानेत मणके सातच, तुमच्या-माझ्या मानेत असतात तेवढेच. चालताना त्याचे एका बाजूचे पुढचा-मागचा असे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडतात, त्यामुळे चाल डुलती दिसते. जीभ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि टोकाकडे गडद जांभळी. तो पाणी प्यायला वाकणार असं दिसलं तर सगळं सोडून थांबा. पुढचे पाय फाकवून मान खाली नेण्याची ती कसरत रोज बघायला मिळत नाही.

हरणांच्या आवारात शिंगं बघा. चितळ आणि सांबर नरांची शिंगं भरीव, फाटे फुटलेली असतात. ती गळून पडतात आणि नव्याने उगवतात. उगवत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते. काळविटाची शिंगं पोकळ, पिळदार, आणि जन्मभर तीच. सांबराच्या डोक्यावर एखाद्या वेळी एकच शिंग दिसेल. मारामारी झाली असेल असं लगेच धरू नका. दुसरं गळायचं बाकी असू शकतं.

माकडांसमोर सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे नाती चालतात. कोण कुणाच्या अंगातल्या उवा वेचतंय, कोण आल्यावर कोण उठतं, पिल्लू कुणाकडे पळतं, एवढं टिपलं की कळपातली उतरंड उलगडायला लागते. नराची मोठी जांभई म्हणजे झोप आली असं नसतं, सुळे दाखवून दिलेली ती ताकीद असते. लाल तोंडाचं माकड दात विचकून ‘हसतं’ तेव्हा ते घाबरलेलं किंवा शरण आलेलं असतं. आणि रोखून बघणं म्हणजे आव्हान. म्हणून माकडांकडे बघताना नजर अधूनमधून बाजूला वळवा, दात दाखवून हसू नका.

मगर तोंड वासून तासन्‌तास पडलेली दिसते. ती हल्ल्याच्या तयारीत नसते. तोंडातल्या ओल्या त्वचेतून शरीराची उष्णता कमी करत असते. तोंड मिटलं की खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर मगर, लपला तर ॲलिगेटर. घडियाल शेजारी असेल तर त्याचं निमुळतं लांब तोंड ओळखायला सोपं. पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकावर घड्यासारखा गोळा असतो.

सापाचे डोळे निळसर-दुधी झालेले दिसले तर तो काही दिवसांत कात टाकणार. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. अजगराच्या ओठांवर छोट्या खाचा दिसतील. उष्ण रक्ताचं भक्ष्य अंधारातही त्याला त्यांमुळे जाणवतं.

फ्लेमिंगोचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. पिल्लं करडी असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतल्या रंगद्रव्यांनी पिसं हळूहळू रंगतात. पायाच्या मध्यावर उलटा वाकणारा सांधा गुडघा वाटतो, पण तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. धनेशाच्या आवारात मादी दिसत नसेल तर ढोलीकडे बघा. विणीच्या काळात ती ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला भरवतो. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान २७० अंशांपर्यंत वळवतं.

अंधाराच्या दालनात

इथे दिवस-रात्र उलटी केलेली असते. रात्री दिवे लावतात, दिवसा मंद उजेड ठेवतात, म्हणजे उदमांजर, साळिंदर, वटवाघळं तुमच्या भेटीच्या वेळी जागी असतात. दारातून आत आल्यावर काही वेळ एका जागी थांबा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण पहिल्या पाच-सात मिनिटांतही पुष्कळ फरक पडतो. मोबाइल खिशात ठेवा. एका माणसाने टॉर्च लावला की प्राणी दडतात आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांचे डोळे पुन्हा शून्यावर येतात.

तिथले उपक्रम

कीपरचं बोलणं हा सगळ्यात भरीव उपक्रम. दहा मिनिटं आधी जाऊन पुढे उभे राहा आणि प्रश्न तयार ठेवा. ‘हा किती किलो खातो’ हे पाटीवरही असतं. त्यापेक्षा ‘याचा स्वभाव कसा आहे’, ‘याला औषध कसं देता’, ‘याला कशाची भीती वाटते’ असं विचारा. रोज सांभाळणाऱ्या माणसाकडून मिळणारी ही माहिती कुठेच लिहिलेली नसते.

आवारात लटकवलेले ओंडके, बर्फात गोठवलेली फळं, खाणं लपवलेले डबे किंवा मसाल्याचा वास लावलेली पोती दिसली तर थांबा. प्राण्याचं डोकं आणि अंग कामाला लागावं म्हणून मुद्दाम केलेली ती सोय आहे. ती नुकतीच ठेवली असेल तर पुढचा अर्धा तास तिथेच काढला तरी चालेल.

पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात चालत जाता येत असेल तर फिरू नका, बाकावर बसा. थोड्या वेळात पक्षी तुम्हाला विसरतात आणि खाली उतरतात. फुलपाखरांच्या बागेतही तसंच. फक्त बाहेर पडताना कपड्यांवर कुणी बसलेलं नाही ना, हे तपासा आणि जमिनीकडे बघत चाला. शेळ्या-सशांना हात लावू देणाऱ्या कोपऱ्यात मुलांना प्राण्याच्या पाठीवर, मानेवर हात फिरवायला सांगा, चेहऱ्यावर नको. ससा उचलू नये. तिथे असताना काही खाऊ नका आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा. या प्राण्यांकडून येणाऱ्या जंतूंनी लहान मुलांना गंभीर जुलाब होऊ शकतात, आणि नुसतं सॅनिटायझर साबणाची जागा घेत नाही.

वाघ-सिंहाचा बछडा मांडीवर घेऊन फोटो, प्राण्यांकडून करवून घेतलेले खेळ, असलं काही कुठे असेल तर त्यापासून दूर राहा. हातोहात फिरवायला बछडा लागतो, त्यासाठी तो आईपासून फार लवकर तोडलेला असतो. पैसे खर्च करायचेच असतील तर बहुतेक संग्रहालयांत प्राणी दत्तक घेण्याची योजना असते; ठरावीक काळासाठी एका प्राण्याच्या खाण्याचा आणि देखभालीचा वाटा तुम्ही उचलता. लोकप्रिय वाघापेक्षा एखादं कासव किंवा घुबड निवडलंत तर मला व्यक्तिशः जास्त आनंद होईल.

नियम आणि त्यांमागची कारणं

खायला घालू नका. प्रत्येकाचा आहार मोजून ठरलेला असतो, आणि ‘एक तुकडा काय होतो’ असं म्हणणारे तुमच्याआधी शेकडो जण येऊन गेलेले असतात. पाण्यात नाणी टाकू नका. थायलंडमध्ये २०१७ साली एका समुद्री कासवाच्या पोटातून शस्त्रक्रियेने ९१५ नाणी काढली. लोकांनी नशिबासाठी तळ्यात टाकलेली. ते कासव वाचलं नाही.

काचेवर टकटक करू नका. सापाला कंपनं अंगभर जाणवतात, माशांनाही. तुम्ही एकदाच वाजवता, त्याला दिवसभर ऐकावं लागतं.

सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकला, निदान वानरांच्या विभागात जाऊ नका. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना माणसाचे श्वसनाचे आजार सहज होतात. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात तर एका वाघिणीला करोनाची लागण झाल्याचं आढळलं होतं.

मुलाला कठड्यावर बसवू किंवा उभं करू नका, फोटोसाठी क्षणभरही नको. मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा मुलगा गोरिलाच्या खंदकात पडला. मूल वाचवण्यासाठी हरांबे नावाच्या १७ वर्षांच्या नराला गोळी घालावी लागली. कठडा ओलांडल्याची किंमत बहुतेक वेळा प्राणी मोजतो. टोपी, चष्मा, मोबाइल आत पडला तर स्वतः काढायला जाऊ नका, काठीनेही नाही. कर्मचाऱ्याला सांगा.

मुलं बरोबर असतील तर

एका मुलाला एक प्राणी नेमून द्या. त्या दिवशी त्या प्राण्याबद्दल घरातल्या सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. लहानांना चित्र काढू द्या, पण पूर्ण प्राणी नको. फक्त पाय, फक्त कान, फक्त शेपटी. पायांची चित्रं जमवली की खूर, पंजा, पडदेवाली बोटं यांतला फरक मूल आपोआप बोलून दाखवतं. दोन-अडीच तासांनंतर मुलांचं लक्ष उडतं, तेव्हा तिथेच थांबा. राहिलेलं पुढच्या वेळी.

फोटो

फ्लॅश बंद. जाळी असेल तर मोबाइल किंवा कॅमेऱ्याची भिंग जाळीच्या भोकासमोर जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, मात्र कठड्याच्या अलीकडूनच, आणि प्राणी जाळीपासून दूर गेला की बटण दाबा. तारा पुसट होऊन जातात. काच असेल तर भिंग काचेला टेकवा आणि गडद कपडे घाला, म्हणजे प्रतिबिंब कमी येतं. प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीला वाका. पहिली पाच मिनिटं मात्र कॅमेरा काढूच नये.

काही खटकलं तर

एखादा प्राणी त्याच वाटेवरून, त्याच वळणावर वळत सारखा येरझाऱ्या घालताना दिसेल, किंवा हत्ती एका जागी उभा राहून डोकं झुलवत राहिलेला दिसेल. ताणामुळे किंवा बंदिवासात करण्यासारखं काही नसल्यामुळे असं वागणं येतं, आणि रानात मोठा मुलूख फिरणाऱ्या मांसाहारी प्राण्यांत ते जास्त आढळतं. पण खाण्याची वेळ जवळ आल्यामुळेही वाघ दारापाशी फेऱ्या मारतो, आणि जुन्या ठिकाणी लागलेली सवय चांगल्या जागी आल्यावरही टिकू शकते. म्हणून आधी दहा मिनिटांची नोंद घ्या, तासाभराने परत येऊन पुन्हा घ्या. मग कीपरला शांतपणे विचारा. उत्तर पटलं नाही, किंवा जखम, लंगडणं, पाण्याचं रिकामं भांडं, आवारात पडलेलं प्लास्टिक असं काही दिसलं, तर संचालकांच्या नावे लेखी कळवा: तारीख, वेळ, आवार कोणतं, प्राणी कोणता, नेमकं काय दिसलं, किती वेळ दिसलं. तुमच्या वहीतलं पान याच कामाला येतं; त्याचा फोटो अर्जाला जोडा आणि पोच मागून घ्या.